तिसरा स्टड

२ मार्च

दिवसभर तोंडात धुराची चव आहे. दोनदा दात घासले, गुळण्या केल्या, जात नाही.

पपांची गाडी आज सुरू केली. इंजिन लागलं खरं, पण फटफट आवाज करत, आणि निम्मा धूर मागच्या नळीतून जायच्या ऐवजी बॉनेटखालून थेट गाडीत, माझ्या नाकातोंडात. पपांच्या वेळी या गाडीला चामड्याचा, पॉलिशचा आणि त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास असायचा. खिडकीची काच वर करून मी तो वास हुंगत बसायचे. आज त्याच सीटवर बसून काच पार खाली केली आणि तोंड बाहेर काढलं.

दादा गॅलरीतून बघत होता. खाली आला नाही. संध्याकाळी चहा घेताना त्याने सांगून टाकलं की महिनाअखेरीस रेस्टॉरंटवाला क्रेन घेऊन येणार आहे. तो माणूस गाडी मधोमध कापणार, पुढचा अर्धा भाग भिंतीवर ठोकणार आणि हेडलाइटमध्ये रंगीत दिवे लावणार. त्याखाली बसून लोक सूप पिणार. गाडी कागदोपत्री दादाच्या नावावर आहे, त्यामुळे माझं चालत नाही. मी रडले, तेव्हा त्याने एवढं कबूल केलं की त्या दिवसापर्यंत गाडी आपल्या चाकांवर फाटकाबाहेर पडून तळ्याला वळसा घालून परत आली, तर राहील.

मी विचारलं, पपांच्या वस्तूबद्दल त्याला काहीच कसं वाटत नाही.

"बेबी, मला ती डोळ्यांसमोर नको," तो म्हणाला आणि बिस्कीट चहात बुडवलं.

बासष्ट वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं एकच माणूस आता जगात उरलंय, आणि त्याने हे बोलावं. बिस्किटाचा तुकडा कपात पडला. तो त्याने बोटाने काढून खाल्ला. मी तोंड फिरवलं.

४ मार्च

वहिनीच्या ओळखीने मेकॅनिक आणला. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण तो पेचकसाचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावून ऐकतो. कानात मळ इतका की पेचकसाला लागून येतो. तोच पेचकस मग त्याने माझ्या गाडीत खुपसला.

निदान असं. इंजिनाच्या कुशीला एक बिडाचा जाड नळ बसवलेला असतो, जळका धूर बाहेर नेणारा. तो जागेवर धरून ठेवायला बोटाएवढ्या लोखंडी कांबी असतात. दोन्ही टोकांना आटे, एक टोक इंजिनात पिळलेलं, दुसऱ्यावर नट. त्यांना स्टड म्हणतात. ते गंजून सैल झाले आहेत, नळ आणि इंजिन यांच्यात फट पडली आहे, आणि त्या फटीतून सगळं माझ्या फुप्फुसात.

सोपं काम आहे म्हणाला. पान्याला पाइप अडकवून त्याने जोर लावला आणि दुपारपर्यंत दोन स्टड मोडून ठेवले. ओळीतला तिसरा तर असा मोडला की त्याचा तुकडा आतच राहिला. त्यावर हा माणूस हसला. "ज्याने स्टीलचे नट लावलेत ना बाई, त्याला धरा. इथे पितळी लागतात. स्टील स्टीलला चिकटून बसतं तापून."

मी त्याला सांगितलं की या गाडीला आमच्या वडिलांखेरीज कोणी हात लावलेला नाही, आणि वडील अशी चूक करणारे नव्हते. तो थुंकला. कुंडीत, माझ्या निवडुंगाच्या.

चहाच्या वेळी दादा बशीकडे बघत म्हणाला, "नवे करशील तेव्हा पितळी नट घाल." भिंतीला कान लावून बसतो म्हणजे. मदत करायला नको, ऐकायला हवं.

५ मार्च

डॉक्टरचं बोलणं मनातून जात नाही. पपा आणि चूक.

रविवारच्या सकाळी आठवतात. पपा बॉनेटखाली, मी मागच्या सीटवर पुस्तक घेऊन, दार उघडं, पाय बाहेर. दादा त्यांच्या शेजारी दिवा धरून. त्या दोघांचं इतकं जमायचं की बोलावंही लागायचं नाही. पपांनी मागे न बघता हात पुढे केला की त्यावर बरोबर पाना पडायचा. कधी चुकीचा पडला तर टाळी वाजल्यासारखा आवाज यायचा, आणि मी पुस्तकातून डोकं वर न काढता हसायचे. आमच्या घरात मग आठवडाभर त्या आवाजाची नक्कल चालायची. म्हणजे मी करायचे.

मग आंघोळी करून सगळे फिरायला. आई पुढे, मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये मागे, आणि माझ्या शेजारी दादा, सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर. ती त्याची एक खोडच होती. मी त्याला पेपरवाला म्हणायचे. तो हलला की कागद चुरचुरायचा आणि पपा आरशातून मागे बघायचे. मग तो तळ्यापर्यंत पुतळ्यासारखा बसायचा. किती हसायचो आम्ही.

इतकं सगळं ज्या गाडीत झालं ती त्याला डोळ्यांसमोर नको.

९ मार्च

सुट्या भागांच्या बाजारात गेले. गल्लीत पाऊल ठेवलं आणि चपलेला काहीतरी चिकटलं. तेल असेल असं मानून घेतलं.

पहिल्या दुकानात हसले. दुसऱ्यात, एवढी जुनी गाडी अजून भंगारात कशी नाही गेली, असं विचारलं. तिसऱ्यातला माणूस मात्र गोड. बसा ताई, पाणी घ्या ताई. ग्लासाच्या काठावर कोणाच्या तरी ओठांचा ठसा होता. त्याने आतून एक पाकीट आणलं, सीलबंद, वर कारखान्याचा छाप. अस्सल, म्हणाला, जुन्या साठ्यातला शेवटचा संच. मी तिथेच हळवी झाले, आणि तो ते बघत होता हे आत्ता लिहिताना कळतंय.

घरी येऊन पाकीट फोडलं. बोटांना काळा रंग लागला. गंजलेल्या जुन्या स्टडना रंग फासून ठेवलेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. साबणाने हात धुतले, मग डेटॉलने. माझ्या आठवणींना त्या माणसाने हात लावला, असं काहीसं वाटत होतं.

१२ मार्च

जुन्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्या बंगल्यावर गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, म्हणून पायरीवरच सांगितलं, मला स्टड हवे आहेत. त्यांनी तरी आधी गॅरेज दाखवलं. गाड्या इतक्या चकचकीत की एकीतही कधी कोणी बसलं असेल असं वाटेना. सीटांवर प्लास्टिक.

त्यांच्याकडे हवे ते स्टड होते. खरे, तेलकागदात. एका टोकाचे आटे मोठे, इंजिनात जाणारे. दुसऱ्याचे बारीक, नटासाठी. पेटी माझ्यासमोर उघडली, मला हात लावू दिला, आणि पुन्हा मिटली. देईन म्हणाले, पण तुमच्या डॅशबोर्डातलं घड्याळ द्या. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. तळवे ओले.

त्या घड्याळाला पपा रोज किल्ली द्यायचे. मला मांडीवर घेऊन त्यांनी त्याच्यावरच वेळ बघायला शिकवलं.

हात सोडवून घेतला. बसमध्ये बसेपर्यंत तो मी अंगापासून लांब धरून होते.

१८ मार्च

शेवटी लेथवाला. लोखंडाची कांब मशीनवर फिरवून तो आटे पाडतो. खोकला हातात घेतो आणि तोच हात पुढे करतो. नमुना म्हणून मी न मोडलेला एक स्टड नेला होता. चार दिवसांनी या म्हणाला.

आज गेले. सगळे स्टड सुंदर, चमकदार, आणि दोन्ही टोकांना सारखेच आटे. त्याने एकच टोक मोजलं होतं. मी नमुना त्याच्या नाकासमोर धरला, तर म्हणतो, दुसऱ्या टोकाचं तुम्ही सांगायला हवं होतं. शाळेत मी असल्या उत्तरासाठी मुलांना वर्गाबाहेर उभं करत असे. हा आपल्याच दुकानात होता, म्हणून मीच बाहेर उभी राहिले.

पुन्हा करून देतो म्हणाला. डबा उघडून मशीनवरच जेवायला बसला. घासाबरोबर लोखंडाचा कीस जात असणार.

दादाने विचारलं, झालं का? मी म्हटलं, तुला काय. त्याने क्रेनवाल्याला फोन करून वेळ पक्की केली, माझ्यासमोर.

२४ मार्च

मिळाले. दोन्ही टोकं बरोबर, पितळी नटांसकट. लेथवाल्याने ते एका काळ्या चिंधीत बांधून दिले आणि वर एका पुडीत तांबूस रंगाचं ग्रीस. हे चोपडून बसवा, अडकणार नाहीत, म्हणाला. पुडी उघडली तर आत त्याचाच केस.

ती पुडी रस्त्यातल्या पहिल्या कचरापेटीत टाकली. घरी आल्यावर गरम पाणी, साबण, जुना टूथब्रश. एकेक स्टड, एकेक आटा घासला. नट चिंचेने उजळले. मग सगळे पांढऱ्या नॅपकिनवर ओळीने वाळत ठेवले. शाळेतल्या मदर म्हणायच्या, घाणेरड्या हातांनी केलेलं काम देवही हातात घेत नाही. नॅपकिनवरची ती ओळ बघून महिन्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

वहिनी येऊन बघून गेली. मग दादा आला, नॅपकिनपाशी बराच वेळ उभा राहिला. "धुतलेस?" म्हणाला. हो म्हटलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि निघून गेला. स्वच्छतेचीही अडचण होते काही लोकांना.

२५ मार्च

सकाळी स्टडवर लालसर झाक. एका रात्रीत. हवाच घाण आहे इथली.

डॉक्टर आला. आत राहिलेला तुकडा त्याने ड्रिलने काढला, इतकं बरं केलं. नवे स्टड बसवताना मात्र पकडीने आवळले, माझ्या घासलेल्या आट्यांना दात लागले. तिसरा जाईना. करकर आवाज करत अर्ध्यात अडला. जाईल, म्हणाला, आणि पान्याला पुन्हा तो पाइप अडकवला. मी डोळे मिटले. मोडला नाही, पण पुढेही सरकला नाही. उरलेलं परवा पिळतो, तोवर चालवून बघा, म्हणाला आणि गेला.

२७ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर माफ.

इंजिन चालू केलं. बाकी सगळीकडे शांत, फक्त एका जागी फट, फट. तिसऱ्यापाशी. वाकून बघायला गेले आणि उजवं मनगट त्या तापल्या नळाला टेकलं. कातडीचा वास आला. माझाच. याहून किळसवाणं या महिन्यात काही घडलं नाही.

ओरडले असेन. दादा जिन्यावरून धावत आला, इतक्या वर्षांत मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं. आधी इंजिन बंद केलं. मग माझा हात धरून बागेतल्या नळाखाली नेला आणि सोडला नाही. मी चोळायला गेले तर दरडावला, "चोळू नकोस. पाण्याखालीच राहू दे." किती वेळ उभे होतो कोण जाणे. त्याची बाही भिजली.

"तिसऱ्याकडे हात गेला की तिथेच भाजतं," तो म्हणाला.

मी तिसऱ्याकडे बघत होते हे त्याला कसं कळलं, विचारलं. आवाजावरून, म्हणाला.

बाही वर सरकली होती. त्याच्या मनगटावर लहानपणापासून एक चट्टा आहे, इस्त्रीचा. आई तसंच सांगायची. माझी जखम बरोबर त्याच जागी, तेवढीच. वहिनी मलम लावताना मी म्हटलं, बघ, बहीणभाऊ शोभतो. ती हसली नाही.

२९ मार्च

काल मनगट दाखवायला दवाखान्यात गेले, तिथून मैत्रिणीकडे राहिले. आज परत आले तर गॅरेजमध्ये गाडीवरची चादर वेगळी घातलेली. मी कडा आत दुमडते, ही बाहेर होती.

बॉनेट उघडलं. शी. सगळे स्टड, सगळे नट, ते तांबूस ग्रीस फासलेले. जी घाण मी कचऱ्यात टाकली होती, तसलीच कोणीतरी पुन्हा आणून माझ्या एकेका आट्यावर चोपडली होती. नट उजळलेले होते हे ओळखूसुद्धा येत नव्हतं.

मेकॅनिक डॉक्टरला फोन लावला. तो शपथेवर सांगतो, आलोच नाही, आणि मी विश्वास ठेवला, कारण तो सांगूनही येत नाही, न सांगता कुठला येणार.

मग जेवायच्या टेबलावर दादाची नखं पाहिली. काळी. प्रत्येक नखाखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ. पोळीचा तुकडा मोडताना तो बोटं आत वळवत होता, लपवत होता. आयुष्यभर विमा कंपनीत नुसते कागद हाताळलेला माणूस.

मला सगळं कळलं. गाडी चालली तर क्रेन परत जाईल, म्हणून हा चोरासारखा जाऊन काहीतरी बिघडवून आला. नळाखाली हात धरला तोही मग नाटकच म्हणायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पपा त्याला नेहमी म्हणायचे, तुझ्या हाताला यश नाही. मला तेव्हा ते फार लागायचं त्याच्यासाठी. आज वाटलं, पपा माणूस ओळखत होते.

उठून ताट धुतलं. त्याचं राहू दिलं.

३० मार्च

बोलत नाही आम्ही. वहिनी मध्येच म्हणाली, त्यांनी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं, लग्नानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, हो, आणि कशासाठी ते मला माहीत आहे. तिने विळी पुढे ओढली. मग म्हणाली, नाही, तुम्हाला नाही माहीत, आणि भाजी चिरायला लागली. नवऱ्याचीच बाजू घेणार.

उद्या क्रेन.

३१ मार्च

क्रेन आली तेव्हा मी गाडीतच बसले होते. रेस्टॉरंटवाला स्वतः आला होता, च्युइंगम चघळत, हातात टेप. बॉनेटची लांबी मोजायला लागला, अजून गाडी आमची असताना. त्याला मी सांगितलं, बाजूला हो.

किल्ली फिरवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा लागली.

फटफट आली नाही. मी काच खाली केली, मान बाहेर काढून ऐकलं. तिसऱ्यापाशी काहीच नाही. पपांच्या शेवटच्या वर्षांतही गाडी अशी चालली नव्हती. तेव्हा आम्ही म्हणायचो, तिला खोकला झालाय. आज खोकला नव्हता. धूर नव्हता, वास नव्हता. त्याने बिघडवलेलं काही असलं, तरी ते लागू पडलं नव्हतं. असं मला एक क्षण वाटलं. एकच क्षण. मग त्याची काळी नखं डोळ्यांसमोर आली.

गाडी फाटकाशी आणली. दादा तिथे उभा होता. डोकं एका बाजूला कलतं करून, डोळे मिटून ऐकत होता, जसा तो दिवा धरून उभा असायचा. मी थांबले.

"आता बोलत नाही तिसरा," तो म्हणाला. मला नाही, बॉनेटला.

मग रेस्टॉरंटवाल्याकडे वळला आणि क्रेन घेऊन जा म्हणाला. तो माणूस वाद घालायला लागला, तसं दादाने फाटक सताड उघडलं, माझ्यासाठी, आणि बोलणं संपवलं.

"बस, दादा," मी म्हटलं. शेजारचं दार आतून उघडलं. चालवायला मला पपांनी शिकवलं, कॉलेजात असताना. दादा कधी शिकला नाही. त्याला आवड नव्हती, असं घरात सगळे म्हणायचे.

त्याने पुढचं दार नीट लावून टाकलं. मागचं उघडलं. काखेत सकाळचं वर्तमानपत्र होतं, ते उलगडून सीटवर पसरलं, कोपरे सारखे केले आणि मग त्यावर बसला. धुतलेला पांढरा सदरा, इस्त्रीची विजार. सीट मी स्वतः पुसली होती.

सीट स्वच्छ आहे दादा, असं मी म्हणणार होते. गिअर टाकला.

तळ्याला पूर्ण वळसा घातला. इंजिन इतकं शांत की वळणावर मागचा कागद चुरचुरलेला ऐकू आला. मी आरशात पाहिलं. आमची नजर भिडली आणि सत्तरीला आलेला माझा भाऊ एकदम ताठ झाला, हात मांडीवर, श्वाससुद्धा धरून. कागदाचा आवाज थांबला.

मी हात वर करून आरसा फिरवून टाकला. त्यात मग फक्त छत दिसत होतं. तशीच चालवत घरी आले.

चहाच्या वेळी त्याची नखं अजून काळीच होती. मी बघितली. त्याने बोटं वळवली नाहीत.

आता तिसऱ्यांदा दात घासून आले आहे. आज धूर नव्हता. तरी तोंडातली ती चव जात नाही.